निर्भार मंदगती, एंजिनाची

निर्भार मंदगती, एंजिनाची : एंजिनावर बाहेरचा कोणताही भार नसताना व थ्रॉटल झडप जवळजवळ मिटलेली असताना एंजिन केवळ स्वतःचे घर्षण भागवीत ज्या किमान वेगाने न थांबता फिरत राहते, त्या वेगाला निर्भार मंदगती म्हणतात. कारागीर तिला ‘आयडलिंग’ किंवा नुसते ‘स्लो’ म्हणतात. मंदगती एकसारखी असणे हे एंजिन सुस्थितीत असल्याचे सर्वांत सोपे लक्षण होय. ती खडबडीत झाली, एंजिन अडखळू लागले व निष्कास नळीतून काळसर धूर आणि पेट्रोलचा दर्प येऊ लागला म्हणजे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाजवीपेक्षा जास्त झाले आहे, असा तर्क केला जातो. मूळ एंजिन काढून त्याच्या जागी दुसऱ्या जातीचे एंजिन बसविलेल्या गाडीत हा दोष विशेष आढळतो व त्याचा उगम पुष्कळदा नव्या एंजिनात नसून एंजिन आणि गाडी यांना जोडणाऱ्या नळ्या, तारा व दांडे यांत असतो. गोल्फ गाडी हे त्याचे चांगले उदाहरण असल्याने प्रस्तुत नोंदीत तिच्या अनुरोधाने या दोषाचे निदान दिले आहे.

मंदगतीचे कार्य : एक किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. १४.७ किग्रॅ. हवा लागते. मंदगतीस मात्र थ्रॉटल झडप मिटलेली असल्याने सिलिंडरात ताजे मिश्रण थोडेच येते आणि मागच्या स्फोटातील जळके वायू त्या मानाने जास्त उरतात. अशा पातळ झालेल्या मिश्रणात ज्योत नीट पसरावी म्हणून पेट्रोल थोडे वाढवून प्रमाण १३:१ च्या आसपास ठेवावे लागते. म्हणजे मंदगतीचे मिश्रण काहीसे समृद्ध असणे हे स्वाभाविकच आहे. दोष असतो तो अतिरेकाचा.

कार्ब्युरेटरात हे पेट्रोल मुख्य जेटातून येत नाही. व्हेंच्युरीच्या गळ्यातून जाणाऱ्या हवेचा वेग मंदगतीस इतका कमी असतो की, तिच्याने मुख्य प्रोथातील पेट्रोल वर ओढले जात नाही. त्यामुळे थ्रॉटल झडपेच्या कडेशी, जेथे एंजिनाच्या बाजूस जोराचा अंशतः निर्वात असतो तेथे, एक स्वतंत्र बारीक वाट उघडलेली असते. या वाटेवर मंदगतीचे छोटे जेट, हवेचे छिद्र व मिश्रणाचा पेच असतो. थ्रॉटल झडप किती उघडी राहावी हे दुसरा एक पेच ठरवितो. पहिल्या पेचाने मिश्रण आणि दुसऱ्याने वेग जुळविला जातो. या दोन पेचांच्या कामांत गल्लत केल्याने जितकी एंजिने बिघडतात तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने बिघडत असतील.

गोल्फ गाडी व तिचे एंजिन : गोल्फच्या मैदानावर खेळाडू व त्यांचे साहित्य नेण्यासाठी बनविलेली ही लहान चारचाकी गाडी विद्युत् घटमालेवर किंवा पेट्रोल एंजिनावर चालते. ई-झेड-गो (स्थापना १९५४) व क्लब कार या अमेरिकेतील ऑगस्टा (जॉर्जिया) परिसरातील कंपन्या आणि जपानची यामाहा हे तिचे प्रमुख निर्माते होत. भारतातील गोल्फ मैदाने, विमानतळ, प्राणिसंग्रहालये इ. ठिकाणी दिसणाऱ्या अशा गाड्या बव्हंशी विद्युत् घटमालेवरच्या असतात. एंजिन बदलण्याचा प्रघात मुख्यतः अमेरिकेतील जुन्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत पडला. झिजलेले मूळ एंजिन काढून त्या जागी पंप, जनित्र, गवत कापण्याचे यंत्र यांसाठी बनविलेले औद्योगिक एंजिन बसवितात. होंडा कंपनीचे जीएक्स ३९० हे ३८९ घ. सेंमी. धारणेचे, ८८ मिमी. व्यासाचे व ६४ मिमी. धावेचे एकसिलिंडरी एंजिन किंवा ब्रिग्झ अँड स्ट्रॅटन कंपनीचे व्हॅनगार्ड मालिकेतील द्विसिलिंडरी एंजिन यांचा त्यासाठी बराच उपयोग होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बहुतेक पेट्रोल गोल्फ गाड्यांच्या मूळ रचनेत मंदगती अशी नसतेच. पायटा दाबला की स्विच जोडला जाऊन आरंभक एंजिन फिरवितो व ते सुरू होते. पायटा सोडला की प्रज्वलन तुटून ते बंद पडते. औद्योगिक एंजिन याउलट सतत चालण्यासाठी बनविलेले असते. जीएक्स ३९० ची मंदगती मिनिटाला सु. १,४०० फेरे ठेवावी, असे निर्माते सांगतात. तसेच त्याला गव्हर्नर असतो आणि तोच थ्रॉटल झडप हलवितो. पायटा सोडताच थांबणाऱ्या गाडीत न थांबणारे एंजिन बसविले म्हणजे गाडीतील पायटा, चोकची तार, पेट्रोलची टाकी व हवेची पेटी या सर्वांकडून पूर्वी कधी न मागितलेले काम मागितले जाते. दोषाचे मूळ येथे आहे.

याच जातीची लहान एंजिने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास चांगली परिचयाची आहेत. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तलावाच्या परिसरासारख्या भातशेतीच्या प्रदेशात तलाव, बोडी किंवा नाल्याचे पाणी बांधीत घेण्यासाठी पेट्रोलवर अथवा पेट्रोल-केरोसिनवर चालणारे वाहते पंपसंच उपयोगी पडतात. फवारणी, कोळपणी यांच्या यंत्रांवरही अशीच एंजिने असतात. एका यंत्रावरचे एंजिन उतरवून दुसऱ्यावर चढविणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. म्हणून गोल्फ गाडीविषयी पुढे जे सांगितले आहे, ते थोड्याफार फरकाने पंपावरून उतरवून अन्यत्र बसविलेल्या एंजिनासही लागू पडते. डीझेल एंजिनास कार्ब्युरेटर नसल्यामुळे ते मात्र या विवेचनाच्या कक्षेबाहेर राहते. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

समृद्ध व विरळ मिश्रणांतील भेद : खडबडीत मंदगती पाहून मिश्रण समृद्धच आहे असे गृहीत धरू नये. विरळ मिश्रणातही एंजिन अस्थिर होते. पण त्याची तऱ्हा निराळी असते. वेग ठराविक तालात चढतो व उतरतो, कारण वेग कमी होताच गव्हर्नर थ्रॉटल उघडतो आणि वाढताच मिटवितो. समृद्ध मिश्रणाचा आवाज जड व दबका असतो, मधूनच एखादा स्फोट चुकतो, निष्कास वायू डोळ्यांना झोंबतो आणि ठिणगी गुडदीच्या (प्लगच्या) टोकावर कोरडी, मऊ काजळी धरते. काजळीऐवजी तेलकट, चिकट थर असल्यास दोष पेट्रोलचा नसून दट्ट्याच्या कड्यांचा किंवा झडपेच्या मार्गदर्शकाचा समजावा.

खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे चालू एंजिनाची चोक झडप हळूहळू मिटविणे. चोक मिटविल्याने हवा कमी होते. त्यामुळे एंजिन सुधारले तर मिश्रण विरळ होते आणि अधिकच गुदमरले तर ते समृद्ध होते, हे एका मिनिटात कळते.

दोषाची कारणे : बदललेल्या एंजिनात सर्वांत अधिक फसविणारे कारण म्हणजे पेट्रोलच्या पुरवठ्याचा दाब. औद्योगिक एंजिनाची टाकी त्याच्या डोक्यावर असते व पेट्रोल गुरुत्वाने कार्ब्युरेटरात उतरते. ३० सेंमी. उंचीच्या पेट्रोलच्या स्तंभाचा दाब दर चौ. सेंमी.स जेमतेम ०.०२ किग्रॅ. भरतो. प्लवाच्या कप्प्यातील सुई झडप तेवढाच दाब अडविण्याच्या हिशेबाने बनविलेली असते. गोल्फ गाडीची टाकी बैठकीखाली, बहुधा कार्ब्युरेटरच्या पातळीपेक्षा खाली असल्याने पेट्रोल वर चढविण्यास पंप लागतो आणि त्याचा दाब वरील दाबाच्या कित्येक पट असतो. तो सुई झडपेला तिच्या बैठकीवरून उचलतो, कप्प्यातील पातळी वाढते आणि मुख्य प्रोथातून मंदगतीस येऊ नये ते पेट्रोल पाझरू लागते. मिश्रणाचा पेच कितीही आवळला तरी हे पेट्रोल थांबत नाही, कारण ते त्या पेचाच्या वाटेने येतच नाही. कार्ब्युरेटर पंपाच्या पुरवठ्यासाठी असलेल्या जातीचा घेणे किंवा पंपानंतर एक फाटा काढून जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणे हे त्यावरचे उपाय होत.

गोल्फ गाडीतील हा पंप बहुधा स्पंद पंप असतो. क्रँक पेटीतील हवेच्या दाबात दट्ट्याच्या वर-खाली होण्याने जे स्पंद उमटतात, ते एका बारीक नळीने पंपातील पातळ पडद्यापर्यंत नेलेले असतात व त्या पडद्याच्या हालचालीने पेट्रोल ढकलले जाते. हा पडदा फाटला तर पेट्रोल त्या नळीवाटे उलट क्रँक पेटीत शिरते; नळी अंतर्ग्रहण मार्गास जोडलेली असल्यास ते सरळ सिलिंडरात जाते. दोष नुसता धुराचा असता तर तो सहन करता आला असता. परंतु क्रँक पेटीतील वंगण तेलात पेट्रोल मिसळले की तेल पातळ होते, धारव्यांवरील तेलाचा पापुद्रा तुटतो आणि मंदगतीचा म्हणून दुर्लक्षिलेला दोष भुजादंड खाऊन टाकतो. म्हणून समृद्ध मंदगतीच्या तक्रारीत कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी तेलाची पट्टी काढून पाहावी. पातळी आपोआप वाढलेली असेल किंवा तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर एंजिन तत्काळ थांबवावे, कारण दूर करावे, तेल बदलावे व मगच पुढील तपास करावा. स्पंदाची नळी पंपाच्या बाजूने सोडली असता ती आतून पेट्रोलने ओली दिसली, तर पडदा फाटला हे निश्चित होय.

चोकची तार हे दुसरे नेहमीचे कारण. गाडीची जुनी तार नव्या एंजिनाच्या चोकला जोडताना तिची लांबी क्वचितच बरोबर येते. मूठ पूर्ण आत गेली तरी झडप थोडी मिटलेलीच राहते. हवेच्या गाळणीचे टोपण काढून झडप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मुठीवर विश्वास ठेवू नये.

हवेच्या गाळणीचा परिणाम कार्ब्युरेटरच्या रचनेवर अवलंबून असतो. प्लवाचा कप्पा गाळणीच्या आतील बाजूस, म्हणजे कार्ब्युरेटरच्या मुखाशी, श्वास घेत असेल, तर गाळणी तुंबल्याने मिश्रणात फारसा फरक पडत नाही. कारण कप्प्यावरील व व्हेंच्युरीतील दाब बरोबरच उतरतात. कप्पा बाहेरच्या हवेस उघडा असेल, तर मात्र गाळणी तुंबताच कप्प्यावरील जास्त दाब पेट्रोल जोराने ढकलतो. एंजिन बदलताना मूळ गाळणीऐवजी गाडीची जुनी पेटी व तिची लांब नळी वापरली असता हा समतोल बिघडू शकतो. धानाची मळणी चालू असते त्या दिवसांत तूस व बारीक कचरा यांनी फोमची गाळणी लौकर भरते. ती धुऊन तेलात भिजवून न पिळता तशीच बसविणे हेही मिश्रण समृद्ध होण्याचे कारण ठरते.

थ्रॉटलचा दांडा : पायट्यापासून येणारी तार किंवा गव्हर्नरचा दांडा विश्रांतीच्या स्थितीतही थ्रॉटल झडपेस किंचित उघडी धरीत असेल, तर मंदगतीच्या वाटेशिवाय शेजारची संक्रमण छिद्रेही उघडी पडतात. वेगाचा पेच झडपेच्या दांड्यास टेकतच नाही, ही त्याची खूण. पायट्याची तार गव्हर्नरला वगळून थेट थ्रॉटलला जोडण्याची चाल काही ठिकाणी दिसते. ती सर्वथा टाळावी. गव्हर्नर हा वेग रोखणारा भाग आहे. तो निकामी केला तर मिनिटाला ३,६०० फेऱ्यांसाठी योजलेले एंजिन त्यापलीकडे जाऊन संयोगदांडा तुटण्याचा धोका असतो.

एंजिन बसविताना ते तिरपे बसले, तर प्लवाच्या कप्प्यातील पातळी एका बाजूस कलते व तिरपेपणाच्या दिशेनुसार मिश्रण समृद्ध किंवा विरळ होते. सपाट जमिनीवर गाडी उभी करून कार्ब्युरेटरच्या जोडपट्टीवर पाणसळ ठेवली असता हे सहज कळते.

प्रज्वलन व झडपा यांच्याकडे समृद्ध मिश्रणाच्या तक्रारीत कोणी बघत नाही. पण न जळलेले पेट्रोल हे जास्त आलेल्या पेट्रोलसारखेच दिसते व वासही तसाच देते. प्लगच्या टोकांतील अंतर जीएक्स ३९० मध्ये ०.७ ते ०.८ मिमी. असावे लागते. थंड एंजिनात अंतर्ग्रहण झडपेची मोकळीक ०.१५ मिमी. व निष्कास झडपेची ०.२० मिमी. ठेवतात. एंजिन बंद करणारी तार सांगाड्यास घासून तिचे आवरण गेले असेल, तर ठिणगी मधूनमधून चुकते. गाडीच्या हादऱ्यांमुळे बदललेल्या जोडणीत हे वरचेवर घडते. द्विसिलिंडरी एंजिनात एकच सिलिंडर न पेटल्यास सुरुवातीलाच दोन्ही निष्कास नळ्यांच्या तपमानांतील फरकावरून ते ओळखता येते. दोन्ही सिलिंडरांना कार्ब्युरेटर एकच असल्यास मिश्रणाचा पेच फिरवून हा दोष जाणे शक्यच नसते.

हवामान व इंधन : उंचीबरोबर हवा विरळ होते, पण कार्ब्युरेटर त्या प्रमाणात पेट्रोल कमी करीत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सु. १२ टक्क्यांनी कमी असल्याने मिश्रण सु. ६ टक्क्यांनी समृद्ध होते. गोंदिया जिल्ह्याच्या सखल भागात हा परिणाम नगण्य होय. तेथे प्रश्न येतो तो उन्हाळ्याचा. तपमान ४५° से. च्या जवळ गेले असता तापलेले एंजिन बंद केल्यावर प्लवाच्या कप्प्यातील पेट्रोल उकळू लागते व बुडबुड्यांबरोबर मुख्य प्रोथातून अंतर्ग्रहण मार्गात सांडते. थोड्या वेळाने एंजिन पुन्हा सुरू केले की ते काही काळ धूर ओकत अडखळते व मग आपोआप सुधारते. हा दोष जुळणीचा नव्हे. कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील उष्णतारोधक ठोकळा एंजिन बदलताना गाळला गेला आहे काय, एवढे पाहावे.

पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल मिसळण्याचे भारताचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. अशा इंधनास पूर्ण जळण्यासाठी हवा कमी, म्हणजे सु. १३.५ पट लागत असल्याने जुन्या जुळणीतील मिश्रण त्याच्यामुळे उलट विरळ होते. परंतु जुन्या रबराचे भाग एथेनॉलने फुगतात आणि सुई झडपेचे रबरी टोक फुगून बैठकीवर नीट बसेनासे झाले, तर पेट्रोल वाहू लागते. पेट्रोल-केरोसिनच्या पंपसंचात आणखी एक सवय नडते. एंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर केरोसिनवर घेतात; थांबविण्यापूर्वी ते पुन्हा पेट्रोलवर आणले नाही, तर कार्ब्युरेटरात केरोसिन उरते, दुसऱ्या दिवशी थंड एंजिनात त्याची वाफ होत नाही, प्लग काळा पडतो आणि न जळलेले केरोसिन कड्यांजवळून खाली उतरून वंगण तेल पातळ करते.

तपासाचा क्रम व जुळणी : तेल, चोक व गाळणी पाहून झाल्यावर एंजिन मंदगतीस चालू ठेवून कार्ब्युरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी चिमटीने दाबून धरावी. कप्प्यातील पेट्रोल हळूहळू उतरू लागते. बंद पडण्यापूर्वी काही क्षण एंजिन स्वच्छ व एकसारखे चालले, तर कप्प्यातील पातळी जास्त होती; म्हणजे दोष पंपाचा दाब, सुई झडप किंवा आत पेट्रोल शिरून जड झालेला प्लव यांपैकी एकात आहे. काहीच फरक न पडता ते बंद पडले, तर चोक, मंदगतीचे जेट, हवेचे तुंबलेले छिद्र किंवा ठिणगी यांकडे वळावे. जेट साफ करताना त्यात तार खुपसू नये. छिद्र रुंदावल्यास समृद्ध मिश्रण कायमचेच होते. नळी सोडताना सांडणारे पेट्रोल तापलेल्या निष्कास नळीपासून दूर राहील, ही काळजी घ्यावी.

मिश्रणाचा पेच अखेरीस हाती घ्यावा, तोही एंजिन पूर्ण तापल्यावर. तो आत फिरवीत जावा. एंजिन अडखळू लागले की ती जागा ध्यानात ठेवून बाहेर फिरवावा. दुसऱ्या बाजूस पुन्हा अडखळले की त्या दोन जागांच्या मध्ये आणून ठेवावा आणि नंतर वेगाच्या पेचाने फेरे नेमून दिलेल्या संख्येवर आणावेत. पेच थ्रॉटल झडपेच्या एंजिनाकडील बाजूस असल्यास तो मिश्रण नियंत्रित करतो व आत फिरविल्याने मिश्रण विरळ होते. कार्ब्युरेटरच्या मुखाकडे असल्यास तो हवा नियंत्रित करतो व आत फिरविल्याने ते समृद्ध होते. हा भेद न ओळखता केलेली जुळणी उलट दिशेने जाते. पेच फिरविल्याने एंजिनावर काहीच परिणाम होत नसेल, तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येत आहे असे समजून वरील तपास पुन्हा करावा.

खडबडीतपणा झाकण्यासाठी मंदगतीचे फेरे वाढविणे हा सोपा पण घातक उपाय आहे. गोल्फ गाडीत एंजिनाची शक्ती पट्टा व केंद्रोत्सारी क्लच यांच्याद्वारे चाकांकडे जाते. फेरे एका मर्यादेपलीकडे गेले की क्लच पट्ट्याला धरू लागतो आणि पायटा न दाबताच गाडी पुढे सरकते. उतारावर किंवा लहान मुले बसलेली असताना याचे परिणाम गंभीर होतात.

विषारी वायूचा धोका : मिश्रण १२:१ च्या जवळ गेले की निष्कास वायूत कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास जाते. हा वायू रंगहीन व गंधहीन असतो. पेट्रोलचा वास येतो तो न जळलेल्या हायड्रोकार्बनांचा. बंद गोठा, पडवी किंवा छपरात असे एंजिन चालवून जुळणी करणे जिवावर बेतू शकते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या ११५ व्या नियमाखाली मंदगतीस असतानाच्या निष्कास वायूची मर्यादा ठरविलेली आहे. १ ऑक्टोबर २००४ पासून लागू झालेल्या कोष्टकात ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या चार धावांच्या दुचाकी व तिचाकी वाहनांना कार्बन मोनॉक्साइडाची मर्यादा ३.५ टक्के, तर त्यापूर्वीच्या वाहनांना ४.५ टक्के होती. तपासणी मंदगतीसच घेतली जाते, हे लक्षणीय आहे. मिश्रणातील दोष याच अवस्थेत सर्वांत उघडा पडतो.

नोंदणीकृत मोटार वाहनाच्या एंजिनात निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने निर्बंध घातले आहेत. खाजगी आवारात व मैदानावर फिरणाऱ्या आणि नोंदणी नसलेल्या गाडीच्या बाबतीत निष्कास वायूची तपासणी सहसा होत नाही. तेथे धुराचा रंग, तेलाची पट्टी व प्लगचे टोक हीच तपासणीची साधने राहतात. नव्या दुचाकी व तिचाकी वाहनांत १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांमुळे कार्ब्युरेटर जवळजवळ मागे पडला व त्याची जागा इंधन अंतःक्षेपणाने घेतली; पंपसंच, फवारणी यंत्रे व लहान जनित्रे यांवर मात्र तो अद्याप कार्यरत आहे.